अज्ञात स्थळी सात दिवस

किलशीला गावात प्रजासत्ताकाच्या सेनेत शिरायचे दोन मार्ग होते. एक शपथेचा. उजवा हात वर करायचा, आवाज खाली आणायचा, आयर्लंडसाठी मरायला तयार आहे असं म्हणायचं आणि मग दूध काढायची वेळ झाली म्हणून घरी जायचं. गावातल्या सव्वीस जणांनी हा मार्ग धरला. दुसरा मार्ग सेनन लिलिसचा. तो गाढव शोधायला गेला आणि भरती झाला.

ते घडलं एकोणीसशे सतरा सालच्या सप्टेंबरात, रविवारी, चर्चमधल्या मासच्या प्रार्थनेनंतर. हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाच्या मैदानावर गावाची तुकडी कवायत करत होती. बंदुका नव्हत्या म्हणून खांद्यावर हर्लिंगच्या काठ्या. कवायत शिकवायला पॅको कीन. हा इंग्रजांच्या फौजेत बारा वर्षं काढून आलेला, इंग्रजांचंच पेन्शन खाणारा आणि इंग्रजांचंच कवायतीचं पुस्तक हातात धरून इंग्रजांविरुद्ध माणसं तयार करणारा. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, कारण दुसरं पुस्तक छापलेलंच नव्हतं. सेननचं गाढव मैदानाच्या पलीकडच्या कुंपणाशी उभं होतं. मधून माणसं चाललेली. कुणाच्या मधून आडवं जाणं बरं दिसत नाही, म्हणून सेनन रांगेच्या शेवटाला लागला आणि चालू लागला. हातात गाढवासाठी आणलेली काठी होती. ती त्याने इतरांचं पाहून खांद्यावर घेतली.

"थांबा!" पॅको ओरडला. "तो शेवटचा माणूस बघा. सगळ्यांनी बघा. अख्ख्या तुकडीत एकट्याला चालता येतंय!"

सेनन शरमला. एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात लोकांसमोर झालेली त्याची ही पहिली स्तुती. (तेव्हा तो अडतीसचा होता, पण मधल्या तीन वर्षांतही दुसरी झाली नाही.)

मग निवडणूक लागली. या सेनेची रीत अशी होती की कप्तान वरून येत नसे, शिपायांनीच हात वर करून निवडायचा. उमेदवार दोन : डेअरीतला कारकून गस हेहिर आणि पोस्टमन ऑस्टिन टबर्डी. ऑस्टिनला तेरा हात मिळाले. गसच्या नावाचा पुकारा झाला आणि नेमक्या त्याच क्षणी गाढवाने मान वळवली. सेननने हात उंच करून हाक मारली, "ए, इकडे!" हात मोजले. चौदा. गस हेहिर कप्तान झाला, टाळ्या पडल्या आणि गाढव कुंपण ओलांडून गेलं.

तेव्हापासून सेननचं नाव पटावर. आपण तुकडीत नाही, हे त्याने गसला तीनदा सांगून पाहिलं. गस प्रत्येक वेळी घाईघाईने दुसरा विषय काढी. कारण सेनन तुकडीत नसेल तर उरतात तेरा नि तेरा. हे गणित गावात दोघांनाच येत होतं : गसला आणि ऑस्टिनला.

*

आता वीस साल उजाडलं होतं आणि सेननचं लग्न ठरलं होतं.

मुलगी डेलिया मेलिकन. मुलगी म्हणायचं ती तेहतीसची होती, आणि नऊ वर्षं सेननसाठी थांबली होती. सेनन थांबला होता आईसाठी. पेग लिलिसबाईंनी ठणकावून सांगितलं होतं की माझ्या चुलीपुढे दुसरी बाई उभी राहील ती माझ्या मयतानंतर. मग ख्रिसमसला बाईंना ताप आला, आपण जाणार असं त्यांना वाटलं आणि घाबरून त्यांनी लग्नाला हो म्हटलं. पण गेल्या नाहीत. उलट रोज थोड्या थोड्या बऱ्या होत होत्या, आणि खरी काळजी ती होती. लग्न ठरलं होतं श्रोव्हच्या मंगळवारी, सकाळी अकराला. त्या भागात लग्नं त्या मंगळवारपर्यंतच लागत. बुधवारी कपाळाला राख लागली की चाळीस दिवस उपास, तोवर कुणाचं लग्न नाही, थेट ईस्टरपर्यंत. आणि ईस्टरपर्यंत आई ठणठणीत झाली असती.

शनिवारी सार्जंट मॅगिल सायकल हातात धरून, लंगडत सेननच्या फाटकाशी आला.

"लिलिस, तुझं गाढव."

"घरी आहे, सार्जंट."

"आत्ता आहे. गुरुवारी वळणावर, रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं. मी उतारावरून येत होतो." त्याने पँट वर करून गुडघा दाखवला. गुडघा पाहण्यासारखा होता. "मी त्याच्या अंगावरून पलीकडे गेलो. ते उठलंसुद्धा नाही."

"ते तसं शांत आहे."

"हे समन्स. सोमवारी अकराला कोर्टात ये, कर्नल गाढव तुझं का विचारतील, हो म्हण, पाच शिलिंग ठेव आणि जा. दहा मिनिटांचं काम. मंगळवारी लग्न ना तुझं?"

"हो."

"सुखी राहा," सार्जंट म्हणाला आणि जरा घुटमळला. गावाने पोलिसांशी बोलणं टाकलं होतं. दुकानदार लोणी देत नव्हता, न्हावी त्यांना पाहिलं की वस्तरा बोथट आहे म्हणत होता. सेनन मात्र बोले. पोलिसांशी बोलू नये हा हुकूम त्याच्या घरी ऑस्टिनने पोचवला होता, आणि ऑस्टिनने आणलेलं काहीही सेनन उघडत नसे.

सार्जंटची पाठ वळते न वळते तोच भिंतीमागून गस हेहिर वर आला. किती वेळ वाकून बसला होता कोण जाणे, टोपीला शेवाळ लागलं होतं. त्याने कोटाच्या अस्तरातून एक घडी केलेला कागद काढला.

"सेनन, मुख्यालयाचा हुकूम आहे. डब्लिनहून आलाय. वाच."

"तूच सांग."

"'सेनेतल्या कुणीही परकी कोर्टं मानू नयेत. उत्तर देऊ नये, दंड भरू नये, वकील लावू नये.' तुला फक्त ताठ उभं राहून म्हणायचंय, मी हे कोर्ट मानत नाही. बस."

"आणि मग?"

"मग काय, चौदा दिवस लिमरिकचा तुरुंग." गसचे डोळे चमकत होते. "आपल्या तुकडीचा पहिला कैदी! पलीकडच्या गावाचे तीन झाले, सेनन. हर्लिंगमध्ये हरवतात ते हरवतात, यातही पुढे."

"गस, मंगळवारी लग्न आहे माझं. आणि मी तुमच्यात नाही रे. मी त्या दिवशी गाढवाला—"

"पाऊस येणारसं दिसतंय," गस म्हणाला आणि भिंतीमागे दिसेनासा झाला.

*

रविवारी दुपारी मेलिकनांच्या स्वयंपाकघरात सेनन चहाला गेला. तिथे नोनी मेलिकनबाईंचं राज्य. त्या डेलियाची विधवा आई, महिला पथकाच्या गावप्रमुख, आणि महिन्याभरापासून प्रजासत्ताकाच्या गावकोर्टाच्या न्यायाधीशही. या कोर्टाचं अजून एकही काम निघालं नव्हतं. गावात भांडणं भरपूर होती, पण लोक म्हणत, आधी दुसऱ्या कुणाचं तरी चालवून बघा.

मेलिकनांचं घराणं या कामातलं जुनं. नोनीबाईंचे सासरे अठराशे सदुसष्ट सालच्या उठावात भाला घेऊन निघाले होते. बर्फ पडायला लागला आणि उठाव संध्याकाळच्या जेवणाला घरी परत आला. पुढे खटला झाला, तेव्हा न्यायाधीश म्हणाला, पोरगं लहान आहे, सोडून द्या. हा अपमान घराण्याने त्रेपन्न वर्षं जपून ठेवला होता. भाला चुलीवर आडवा लावलेला होता आणि त्याला डुकराचं मांस टांगलेलं होतं.

"सेनन," नोनीबाई पाव कापत म्हणाल्या, "उद्या कोर्टात काय म्हणणार?"

"बाई, मी विचार करतोय."

"करू नकोस. विचार माणूस कबुली द्यायच्या आधी करतो. एक सांगून ठेवते. जो इंग्रजाचं कोर्ट मानेल, तो मला जावई म्हणून चालणार नाही. पाच शिलिंग त्याच्या टेबलावर ठेवलेस, तर तोच हात घेऊन माझ्या दारात येऊ नकोस."

"आणि नाही मानलं तर चौदा दिवस आत, बाई. मग उपास. मग ईस्टर."

"मग ईस्टर! माझ्या सासऱ्यांना कुणी ईस्टरपर्यंत आत ठेवलं असतं तर धन्य झाले असते."

डेलिया त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. मोठ्या हाडाची, थोडक्यात बोलणारी बाई होती ती.

"आईचं ऐकलंस?"

"ऐकलं."

"आता माझं ऐक. नऊ वर्षं थांबले. दहावं लागणार नाही. क्विल्टी गावचा तो मासेवाला विधुर दर गुरुवारी बांगडे घेऊन येतो, आणि बांगडे आम्ही मागवत नाही. मंगळवारी अकराला माझं लग्न होणार. कोर्ट मान, नको मानू, उलटं टांगून ठेव, पण आई रुसता कामा नये आणि तू हजर पाहिजेस."

"दोन्ही कसं जमायचं, डेलिया?"

"ते मला काय माहीत? सेनेत तू आहेस."

*

सोमवारी कोर्टाची खोली भरून गेली होती. गेल्या महिन्यापासून समन्स निघत, पण कुणी येत नसे. आज कुणीतरी येणार म्हणून अख्खा गाव बघायला आला होता. टेबलामागे न्यायाधीश म्हणून कर्नल बॅगली. सत्तरीचे, डाव्या कानाने बहिरे, पायाशी म्हातारा कुत्रा. टेबलाच्या एका बाजूला सार्जंट गुडघा चोळत. खिडकीत गस, दारात ऑस्टिन पोस्टाची पिशवी घेऊन, आणि पहिल्या बाकावर नोनीबाई, हॅट घालून.

"गाढव तुझं?" कर्नलनी विचारलं.

सेननने खिशातल्या पाच शिलिंगांवर हात ठेवला. नोनीबाईंची हॅट पुढे झुकली. हात बाहेर आला, रिकामा.

"कर्नलसाहेब," तो म्हणाला, "मी तुम्हाला मानतो. तुमच्याकडे जळणाची पीट-माती घालतो, तुम्ही कधी ओली म्हणून परत केली नाही. सार्जंटना मानतो. त्यांच्या गुडघ्याचं मला वाईट वाटतं. हे टेबलही चांगलं आहे. फक्त तुम्ही सगळे एकत्र बसलात की जे होतं, ते मानायला मला मनाई आहे."

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. कर्नलना नसती आली.

"काय म्हणतो हा?"

"कोर्ट मानत नाही म्हणतो, सर!" सार्जंट ओरडला.

"अस्सं." कर्नलनी चष्मा काढला. "लिलिस, या महिन्यात मी अकरा कामं पुकारली. बाराव्याला तू आलास. म्हणजे येणारा तूच एक, आणि तू हे सांगायला आलास." त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. "परवा मला हे आलं. 'आपण न्यायदानाचा राजीनामा द्यावा ही नम्र विनंती, अन्यथा परिणामांना सेना जबाबदार नाही. आपला आज्ञाधारक, एक कप्तान.' खाली लिहिलंय की डेअरीचे दुधाचे डबे धुऊन पाठवत जा."

खिडकीत गस लाल झाला.

"माझा स्वयंपाकी गेला, माळी गेला. पत्ते खेळायला कुणी येत नाही. एकट्याने चार हात खेळतो आणि तरी हरतो. सत्तराव्या वर्षी मला कुणी नम्र विनंती केली ती याच पत्रात." कर्नल उठले. कुत्रा उठला. "मी राजीनामा दिला. डबे धुवायला सांगतो. सगळ्यांना नमस्कार."

"सर!" सार्जंटचा आवाज फुटला. "निदान गाढवाचं तेवढं आटपून जा!"

पण कर्नल दारातून बाहेर पडलेही होते. ऑस्टिनने त्यांना वाट दिली आणि सवयीने त्यांच्या हातात दोन पत्रंही दिली.

मग पॅको कीनने टोपी उडवली आणि छप्पर कोसळावं तसा आवाज झाला. चार जणांनी सेननला खांद्यावर उचललं. इंग्रजांच्या साडेसातशे वर्षांत जे कुणाला जमलं नाही, ते किलशीलापुरतं सेनन लिलिसने दहा मिनिटांत केलं होतं. सार्जंटने बरोबर सांगितलं होतं, दहा मिनिटांचं काम.

लोकांच्या डोक्यांवरून सेननने डेलियाला शोधलं. ती हसत होती. आई रुसली नव्हती आणि नवरा हजर होता. उद्या अकरा वाजायला आता चोवीस तासही उरले नव्हते.

आणि मग ऑस्टिन टबर्डी खुर्चीवर उभा राहिला.

"गाववाल्यांनो! परकं कोर्ट गेलं, छान झालं. पण कोर्ट गेलं म्हणजे कायदाही गेला का? सार्जंटला पाडून ते गाढव उठलं आणि माझ्या वाफ्यात शिरलं. माझे अकरा कोबी गेले. मी प्रजासत्ताकाच्या कोर्टात फिर्याद देतो. आत्ता. की प्रजासत्ताकाचा न्याय आपल्या माणसांना लागू होत नाही?"

सगळे गसकडे पाहू लागले. गस नोनीबाईंकडे पाहू लागला. नोनीबाईंनी हॅट सरळ केली. महिनाभर त्या या क्षणाची वाट बघत होत्या.

"तीन वाजता," त्या म्हणाल्या. "डेअरीच्या माळ्यावर."

*

डेअरीच्या माळ्यावर दुधाच्या आंबूस वासात प्रजासत्ताकाचं कोर्ट बसलं. खाली लोणी घुसळायचं यंत्र चालू होतं, त्यामुळे न्यायासन थोडं थरथरत होतं. बाईंच्या शेजारी तरुण पाद्री फादर मँगन बसले होते. ते येता-जाता सापडले म्हणून त्यांनाही न्यायाधीश केलं होतं.

"सेनन लिलिस, हे कोर्ट मानतोस?"

"हो, बाई." इतकं सोपं उत्तर त्याने त्या दिवसात पहिल्यांदाच दिलं.

"कोबी गाढवाने खाल्ले?"

"खाल्ले असतील. दोन दिवस गवताकडे बघत नव्हतं."

"मग मी भरपाई देतो की," असंही तो म्हणाला. पण नोनीबाईंनी हात वर केला.

"इंग्रजाच्या कोर्टात पाच शिलिंगात गुन्हा धुऊन मिळतो. आपल्या कोर्टात तसं चालणार नाही. आपला न्याय विकाऊ नाही. आरोपी माझा होणारा जावई आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच मी त्याला कमी शिक्षा दिली, तर लोक प्रजासत्ताकाबद्दल काय म्हणतील? सात दिवस कैद. ताबडतोब. अज्ञात स्थळी."

माळ्यावर टाळ्या झाल्या. ऑस्टिनने सगळ्यात मोठ्याने वाजवल्या. मग मागून डेलियाचा आवाज आला.

"आई, आज वार कोणता?"

"सोमवार."

"आणि उद्या?"

नोनीबाईंनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. खालचं यंत्रही नेमकं तेव्हाच बंद झालं.

"निकाल फिरवा ना, बाई," फादर मँगन हळूच म्हणाले.

"प्रजासत्ताकाचा पहिलाच निकाल, फादर! पहिलाच फिरवू?" बाईंचा आवाज जरा कापला. "वर अपील करता येईल."

"वरचं कोर्ट कधी बसतं?" डेलियाने विचारलं.

गसने कागद चाळले. "ईस्टरनंतर."

डेलिया उठली. तिला कधी कुणी घाईत पाहिलं नव्हतं, आताही ती घाईत नव्हती. "गस, कैद्याचे काही नियम असतील ना? भेटायला कोण जाऊ शकतं?"

गसने दुसरा कागद काढला. "कुणी नाही. स्थळ गुप्त असतं. फक्त आत्म्याच्या गरजेसाठी पाद्री."

"पाद्री," डेलिया म्हणाली आणि फादर मँगनकडे बघत राहिली. फादर आधी गोंधळले, मग पांढरे पडले, मग गुलाबी झाले.

"चर्चच्या बाहेर?" ते पुटपुटले. "मोठ्या फादरना काय सांगू?"

"ऑक्टोबरात चर्चऐवजी घरी होणारा गावाचा मास आमच्याच गोठ्याच्या माळ्यावर झाला. चुना मारलाय, पवित्र पाणी शिंपडलंय. तिथे देव येऊन गेला, तर तुम्हाला यायला काय?"

"पण अज्ञात स्थळ तुमच्या माळ्यावरच आहे हे तुला कुणी सांगितलं?" गस हादरून म्हणाला.

अख्खा माळा हसला. त्या गावात कोरडं छप्पर एकच होतं.

"नाही," गस चिडला. "नाही म्हणजे नाही. गुप्त स्थळ आहे ते! तिथे नवरी जाणार, पाद्री जाणार, मग साक्षीदार जाणार, मग वाजंत्री जाणार. हा सेनेचा तुरुंग आहे, जत्रा नव्हे. कैदी सात दिवस एकटा राहील. कप्तान म्हणून माझा हुकूम आहे."

आणि तेव्हा सेनन लिलिस, ज्याने आयुष्यभर कुणाच्या मधून आडवं जायचं टाळलं होतं, तो आडवा गेला.

"गस," तो म्हणाला, "त्या सतरा सालच्या रविवारी, मैदानावर. मी हात वर केला होता, आठवतं?"

गसने कागद मिटला.

"तो कुणासाठी केला होता ते सांगू का इथे? पलीकडे कुंपणाशी कोण उभं होतं ते?"

ऑस्टिन टबर्डीने मान पुढे काढली. तीन वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता. "सांग, सेनन," तो गोड आवाजात म्हणाला. "बिनधास्त सांग."

गसच्या कपाळावर घाम आला. त्याने कागद पुन्हा उघडला, उलटा धरला आणि त्यातून मोठ्याने वाचलं :

"'कैद्याचा आत्मा फारच अडचणीत असेल, तर कप्तानाने आपल्या अधिकारात लग्न लावू द्यावं.' लिहिलंय इथे. आधी दिसलं नव्हतं."

"मी काय म्हणत होतो," सेनन म्हणाला, "तो हात मी आपल्या कप्तानासाठीच वर केला होता."

*

मंगळवारी सकाळी दहाला कैद्याला डेअरीतून अज्ञात स्थळी हलवण्यात आलं. नियमाप्रमाणे डोळे बांधले होते. मेलिकनांचा गोठा डेअरीपासून चारशे पावलांवर, पण स्थळ कळू नये म्हणून चार पहारेकऱ्यांनी त्याला हर्लिंगच्या मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. पॅको कीन त्याच्या चालण्याचं कौतुक करत राहिला. तिसऱ्या फेरीत गाढवही मागे लागलं. शेवटी फाटक कुठं हे पहारेकऱ्यांनाच उमजेना, कारण एकमेकांशी बोलायचं नाही असाही नियम होता. तेव्हा गाढव पुढे झालं आणि सगळे त्याच्या मागून गेले.

रस्त्यावर गाव लोटला होता. कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या हातात केक, कोटाखाली हातभट्टीच्या बाटल्या, एकाजवळ वाजवायला फिडल. पेग लिलिसबाई काठी न घेता चालत होत्या, हे पाहून कुणालाच बरं वाटलं नाही. वळणावर सार्जंट मॅगिल उभा होता.

"कुठे चाललात सगळे?"

"अज्ञात स्थळी, सार्जंट!" पन्नास तोंडांतून एकदम आलं.

"मेलिकनांकडे? त्यांच्या धुराड्याला आग लागलीय का? सकाळपासून चौकीतून दिसतंय."

"हॅम आहे," कुणीतरी सांगितलं.

सार्जंट विचारात पडला. गावात एका माणसाला बेकायदा डांबून ठेवलं होतं, हे आता त्याला अधिकृतपणे कळलं होतं. हॅमचंही कळलं होतं. त्याचं कर्तव्य स्पष्ट होतं.

माळ्यावर फादर मँगन घाम पुसत प्रश्नापर्यंत आले होते. सेननच्या डोळ्यांवरची पट्टी काढायची का यावर थोडा वाद झाला होता, पण नवरी बघूनच हो म्हणावं असं चर्चचं मत पडलं. डेलिया निळ्या पोशाखात होती. नऊ वर्षांपूर्वी शिवलेला, दोनदा सैल केलेला.

"सेनन लिलिस, तू हिला..."

शिडीवरून आधी हेल्मेट आलं, मग सार्जंट.

"कुणी हलू नका! सेनन लिलिस, राजाच्या नावाने मी तुला मुक्त करतो! चल, घरी जा!"

फिडलवाल्याच्या हातून सूर निसटला. नोनीबाईंचा हात भिंतीवर गेला, पण भाला घरात होता, मांसाखाली. गसने पिस्तुलासाठी खिसा चाचपला. तुकडीचं एकुलतं एक पिस्तूल त्या आठवड्यात पलीकडच्या गावाकडे होतं.

"सार्जंट," सेनन ओरडला, आणि त्याचा आवाज इतका मोठा आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, "खाली उतरा! मी इथून हलणार नाही! मला सात दिवसांची शिक्षा झालीय, कायद्याने झालीय, आणि त्यातला एक मिनिटही मी कुणाला कमी करू देणार नाही! फादर, हो! हो, मी हिला बायको करतो! पुढचं विचारा!"

"विचारायला नको," डेलिया म्हणाली. "माझंही हो."

सार्जंट शिडीवर अर्धा वर, अर्धा खाली उभा राहिला. मुक्त व्हायला नकार देणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं.

"मग निदान," तो शेवटी म्हणाला, "मी हेल्मेट काढलं तर चालेल का?"

नोनीबाईंनी सुरी उचलली. मग त्यांनी हॅमचा सगळ्यात जाड तुकडा कापला, पावात घातला आणि जमिनीकडे बघत, कुणाशीही न बोलता, त्याच्या हातात दिला. बहिष्कार बोलण्यावर होता.

पुढे जे झालं त्याचं वर्णन करायला कुणी शुद्धीवर नव्हतं. पॅको कीनने खांबाबरोबर नाच केला. ऑस्टिन टबर्डीने कोबीवर भाषण केलं आणि रडला. गसने नवरीबरोबर नाचताना तिला अधिकृतपणे कळवलं की तिच्या नवऱ्याची सेनेतली सेवा अत्यंत मोलाची आहे. दुपारभर माळा असा हादरत होता की खाली गाई दूध देईनात. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले आणि पेग लिलिसबाई एकट्याच आपल्या चुलीकडे गेल्या, समाधानाने.

उरलेले सहा दिवस कैदी एकटा नव्हता. पत्नीने आत जाऊ नये असा नियम गसला कागदात सापडला नाही, आणि त्याने फार शोधलाही नाही. उपास सुरू होता, पण कैद्यांना माफ असतो असं फादर मँगन म्हणाले. माळ्यावर चहा वर जायचा, रिकामे कप खाली यायचे, आणि मधून मधून वरून हसण्याचा आवाज यायचा. त्याला कुणी काही म्हणत नसे, कारण स्थळ अज्ञात होतं.

सातव्या दिवशी दुपारी गस मुक्ततेचा हुकूम घेऊन आला. सेनन गोठ्याच्या दारात उभा होता. समोर टेकडीवर त्याचं घर दिसत होतं आणि अंगणात त्याची आई कांबळं झटकत होती. जोरजोरात. भिंत धरावी लागत नव्हती.

"उद्या सकाळी सुटशील," गस म्हणाला. "उद्यापासून तुम्ही दोघं आईकडे."

"हो," सेनन म्हणाला.

डेलियाने त्याच्या हाताला हात लावला. नुसती गाढवाकडे बघत राहिली. ते कुंपणाशी बांधलेलं होतं आणि वाऱ्याच्या दिशेने नाक वर करून उभं होतं. वारा ऑस्टिनच्या वाफ्याकडून येत होता. तिथे अजून सहा कोबी शिल्लक होते.

"गस," सेनन म्हणाला, "पुन्हा तोच गुन्हा केला तर किती दिवस?"

"दुप्पट. चौदा." गसने संशयाने पाहिलं. "का?"

"काही नाही," सेनन म्हणाला आणि शांतपणे, लोकांच्या मधून आडवं न जाता, कुंपणाच्या कडेकडेने दोर सोडायला गेला.